चावी काढली तरी लाल दिवा लागणारं अनोळखी बटण: शोधायचं कसं, काढायचं कुठून

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. घोडबंदर रोडला राहता, दोन महिन्यांपूर्वी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट घेतली, तुम्ही तिचे तिसरे मालक. स्टिअरिंगखाली उजव्या गुडघ्याजवळ एक काळं बटण बसवलेलं आहे, त्यावर ना चिन्ह ना नाव. दाबलं की आतला लाल दिवा लागतो, चावी काढलेली असली तरी लागतो, आणि बाकी काहीच होत नाही. ज्याच्याकडून गाडी घेतली तो म्हणतो, "सोडून द्या, असेल काहीतरी." घरच्यांना ते चोर स्विच, म्हणजे चोराला गाडी नेता येऊ नये म्हणून लपवून बसवलेलं बटण, वाटतंय आणि तुम्हाला ते उपटून टाकायचंय.

मी ठाण्यात वागळे इस्टेटला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. जुन्या गाड्यांमध्ये अशी बेवारस बटणं इतकी निघतात की आता नवल वाटत नाही. पण प्रत्येक जण विचारतो ते एकच: "हे बटण करतं काय?" माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते हे, की या बटणाला लाइन कुठून दिली आहे आणि मधे फ्यूज आहे की नाही. बटण काहीच करत नसेल आणि त्याला थेट बॅटरीवरून बिनफ्यूजची वायर आलेली असेल, तर ते काम करणाऱ्या बटणापेक्षा जास्त धोक्याचं आहे. काम करणाऱ्या बटणाकडे कुणाचं तरी लक्ष असतं.

तुम्ही दिलेल्या माहितीत अर्धं उत्तर आहेच. बाजारात मिळणाऱ्या दिव्याच्या रॉकर स्विचला तीन पिना असतात. एका पिनेवर पॉझिटिव्ह येतो, दुसरीवरून तो पुढे जायचा तिकडे जातो आणि तिसरी अर्थिंगला. आतला दिवा दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधे असतो. म्हणजे दिवा लागला यावरून एवढंच कळतं की बटणापर्यंत करंट येतोय, आतले काँटॅक्ट चांगले आहेत आणि अर्थिंग जोडलेलं आहे. पुढच्या वायरीच्या टोकाला काय आहे, मुळात काही आहे का, हे तो दिवा सांगत नाही. टोकाला काही नसलं तरी तो लागणारच. दुसरी गोष्ट, चावी काढल्यावरही लागतो म्हणजे लाइन इग्निशनवरून घेतलेली नाही. बॅटरीवरून, नाहीतर फ्यूजबॉक्सच्या कायम चालू असलेल्या लाइनवरून घेतली आहे. चांगला कारागीर असं सहसा करत नाही, कारण मालक बटण चालू ठेवून घरी गेला की सकाळी बॅटरी उतरलेली. त्यामुळे हे काम घाईत उरकलेलं आहे असं धरूनच पुढे जा.

चोर स्विच असण्याची शक्यता मला कमी वाटते. चोरापासून लपवायच्या बटणात लाल दिवा कोण बसवेल? ते बटण लहान, बिनदिव्याचं आणि सीटखाली किंवा कार्पेटच्या आड असतं. तरी खात्री करून घ्यायला काही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. बटण एका बाजूला करून पूर्ण एक मिनिट थांबा, मग दुसऱ्या बाजूला करून पुन्हा मिनिटभर. घाई नको, कारण चोर स्विचचे प्रकार वेगळे वागतात. इग्निशन तोडणारा असेल तर इंजिन तत्क्षणी बंद पडतं. टाकीतल्या पेट्रोल पंपाचा करंट तोडणारा असेल तर पाइपमधल्या प्रेशरवर इंजिन काही सेकंद चालतं आणि मग गचके देत थांबतं. स्टार्टर तोडणारा असेल तर चालू इंजिनावर काहीच परिणाम नाही, पुढच्या वेळी चावी फिरवल्यावरच तो कळतो. म्हणून इंजिन बंद करून दोन्ही बाजूंना एकेकदा स्टार्टही करून बघा.

हे सगळं उभ्या गाडीत. चालत्या गाडीत अनोळखी बटणाला हात लावू नका. गायमुखच्या चढावर मागे कंटेनर असताना पंपाचा करंट तुटला तर इंजिनाबरोबर पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन वेळा दाबल्यावर संपते. पॅडल दगडासारखं होतं.

"दाबून काही झालं नाही, म्हणजे बिनकामाचं" हेही लगेच मानू नका. काही बटणांचा परिणाम परिस्थिती आल्यावरच दिसतो. माझ्याकडे ऐरोलीहून एक जुनी गाडी आली होती, तिच्यात असंच एक निनावी बटण होतं. नव्या मालकाने ते बंद करून ठेवलं, चार दिवस काही झालं नाही. मग मुंब्रा बायपासच्या ट्रॅफिकमध्ये इंजिनाचा काटा लाल पट्ट्यात गेला. शोधल्यावर कळलं की आधीच्या कुणीतरी रेडिएटरच्या पंख्याचा बिघडलेला सेन्सर बदलण्याऐवजी पंखाच थेट त्या बटणावर घेतला होता. रस्ता मोकळा असताना वाऱ्याने भागत होतं, ट्रॅफिकमध्ये भागेना. तुमच्या बाबतीत चावी काढल्यावर बटण दाबलं तर पंखा फिरल्याचा आवाज आला असता, त्यामुळे हे प्रकरण बहुधा तसं नाही. पण गाडी ताब्यात घेतली तेव्हा बटण कुठल्या बाजूला होतं हे आठवत असेल तर शोध संपेपर्यंत ते त्याच बाजूला ठेवा. अपवाद एकच: ते चालू असेल आणि दोन-चार दिवस उभी राहिल्यावर गाडी जड स्टार्ट होत असेल, तर बंद ठेवा.

आता गाडीचा पूर्वेतिहास. आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात पहिला संशय सीएनजीवर घ्यायचा, कारण इथे पेट्रोलच्या कितीतरी गाड्यांना बाहेरून किट बसलेलं असतं आणि विकताना ते काढूनही घेतलेलं असतं. पण सीएनजीचं बटण सहसा ओळखू येतं: गॅस किती उरलाय ते दाखवणारे छोटे दिवे ओळीने असतात आणि मागे तीनपेक्षा जास्त, बारीक वायरी असतात. तुमचं तसं दिसत नाही. तरी आरसीवर इंधन काय लिहिलंय ते बघा. तिथे पेट्रोलसोबत सीएनजी असेल आणि डिकीत सिलिंडर नसेल, तर डिकीच्या पत्र्यात ब्रॅकेटची भोकं, गाडीखाली पाइपच्या क्लिपा आणि बोनेटमध्ये गॅस भरण्याच्या नळीची रिकामी पट्टी सापडेल. मग आरटीओत आरसीची दुरुस्ती हे वेगळं काम तुमच्यामागे लागतं, ते वायरमनच्या हातातलं नाही. उलट सिलिंडर अजून जागेवर असेल तर त्याच्यावरच्या प्लेटवर शेवटच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची, तारीख बघा. ती टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते.

गाडी कधी पिवळ्या पाटीवर धावली होती का, हेही विचारा. टॅक्सीच्या गाडीत स्पीड गव्हर्नर, जीपीएस, पॅनिक बटण यांच्या वायरी असतात आणि पाटी पांढरी करताना डबे काढले तरी वायरी तशाच राहतात. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा अजून दिसत असेल तर ग्लोव्हबॉक्समागे त्यांनी बसवलेला एखादा काळा डबा, म्हणजे गाडी कुठे आहे ते कळवणारा ट्रॅकर, मिळू शकतो. त्याला हात लावण्याआधी फायनान्सवाल्याशी बोला. पण हा डबा बटणावर चालत नाही, त्यामुळे तुमच्या कोड्याशी त्याचा संबंध नसावा.

माझा अंदाज फॉग लॅम्पवर आहे. त्या काळातल्या स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला कंपनीकडून ते यायचे नाहीत, बंपरमध्ये नुसती झाकणं असायची. माळशेज, कसारा, लोणावळा करणारे लोक बाहेरून लावून घ्यायचे. पुढे कधीतरी बंपर ठोकला जातो, नवा येतो, त्याच्यात झाकणंच असतात, आणि जुन्या फॉग लॅम्पच्या वायरी आत लोंबकळत राहतात. बटण डॅशबोर्डवर जिवंत, टोकाला दिवा नाही. तुमच्या गाडीचा पुढचा बंपर बदललेला आहे का ते बघा: रंगाची छटा, फेंडरशी असलेली फट, झाकणांच्या मागे कापलेली वायर. हे खरं निघालं तर पावसाळ्यापूर्वी आवरायला हवं. बटण चालू राहिलं तर बंपरमधल्या त्या उघड्या टोकावर बारा व्होल्ट येतात आणि पाण्यात तांबं हिरवं होऊन झडतं. टोक पत्र्याला टेकलं तर शॉर्ट. फ्यूज असेल तर तो उडेल आणि विषय मिटेल. नसेल तर वायरच फ्यूज होते, आणि ती जळते ती डॅशबोर्डच्या आत.

अंदाज बाजूला ठेवून खात्री कशी करायची ते सांगतो. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः करू शकता.

सगळ्यात आधी टॉर्च घेऊन खाली वाका आणि फक्त बघा. कंपनीच्या वायरी बारीक, रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ असलेल्या आणि नीट गुंडाळलेल्या असतात. बाहेरून घातलेली वायर लगेच वेगळी दिसते: एकरंगी लाल-काळी, जाड, काळी टेप उन्हाने चिकट झालेली, जोड पिळून मारलेला. पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या. त्यांना मीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर नाहीच. ज्या वायरमनने सरळ कुठलीही वायर सोलून टेस्ट लॅम्पची सुई टोचली त्याच्याकडून गाडी परत घेऊन या, कारण ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे, जाणाऱ्या वायरीतून बल्बएवढा करंट ओढला तर नुकसान होऊ शकतं.

मग अंधाऱ्या पार्किंगमध्ये घरच्या कुणालातरी गाडीबाहेर उभं करा. पार्किंग लाइट लावून, हेडलाइट लावून, रिव्हर्स टाकून, हॉर्न दाबून, प्रत्येक वेळी बटण चालू-बंद करा. बाहेरच्याने गाडीच्या पुढे-मागे-खाली प्रकाश बघायचा आणि बोनेटमध्ये "टक" असा आवाज येतो का ते ऐकायचं. टक आला म्हणजे कुठेतरी रिले आहे, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. हॉर्न बदलला तर प्रेशर हॉर्नचं बटण आहे, आणि आलटून-पालटून सूर काढणारा हॉर्न असेल तर तो नियमात बसत नाही, काढूनच टाका.

काही दिसलं-ऐकलं नाही तर मल्टीमीटर. साधा, काहीशे रुपयांचा चालतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून तिच्यात आणि टर्मिनलमध्ये मीटर दहा अँपिअरच्या सॉकेटवर लावायचा. चावी लांब, दारं बंद, आणि अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. मीटर असा जोडलेला असताना गाडी स्टार्ट करायची नाही, मीटरचा फ्यूज जाईल. निरोगी गाडी झोपल्यावर साधारण पन्नास मिलिअँपिअरच्या आत करंट घेते. आता फक्त बटण दाबा आणि आकडा किती वाढला ते बघा. दहा-वीस मिलिअँपिअर वाढला, तर करंट फक्त बटणातला दिवाच खातोय आणि पुढे काही नाही. दीडशेच्या आसपास वाढला, तर टोकाला रिलेची कॉइल आहे. काही अँपिअर वाढला, तर कुठेतरी खरोखर दिवा किंवा मोटार चालू होतेय आणि ती तुम्हाला दिसत नाही एवढंच.

दीडशे मिलिअँपिअर ऐकायला कमी वाटतात, म्हणून हिशेब करून सांगतो. दिवसाला साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपास जातात. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा पस्तीस अँपिअर-अवरची असते, आणि ती अर्धी रिकामी झाली की स्टार्टर कुरकुरायला लागतो. म्हणजे गणपतीला आठवडाभर गावी जाऊन आलात, बटण चालू राहिलं, की आल्यावर धक्का मारायला माणसं शोधायची.

यापुढचं काम बॅटरी सुटी करून. बटणाच्या मधल्या, म्हणजे पुढे जाणाऱ्या पिनेची वायर काढून तिचा बॉडीशी रेझिस्टन्स मोजायचा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर वायर हवेत आहे. साठ ते शंभर ओहम आले तर रिलेची कॉइल. एका ओहमच्या आत आले तर दोन शक्यता राहतात: थंड हॅलोजन बल्ब, नाहीतर सरळ शॉर्ट. दोन्ही मीटरवर जवळपास सारखेच दिसतात. अशा वेळी बॅटरी जोडून बघण्याचा मोह होतो, तो आवरायचा. मी त्या लाइनमध्ये इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावतो आणि मग करंट सोडतो. टोकाला शॉर्ट असला तरी त्या बल्बमधून दोन अँपिअरपेक्षा जास्त जात नाही, त्यामुळे काही जळत नाही आणि वायर कुठे जाते ते आरामात शोधता येतं.

वायरच्या जाडीवरून मात्र लोक फसतात. पंचावन्न वॉटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे नऊ अँपिअरच्या वर, त्याला जाड वायर हवी हे खरं. पण रिले वापरला असेल तर बटणाकडे येणारी वायर बारीकच असते, जाड वायर बॅटरी ते रिले आणि रिले ते दिवा एवढीच. उलट जाड वायर थेट बटणावर आलेली दिसली तर समजा की रिले वाचवला आहे आणि सगळा भार त्या प्लास्टिकच्या बटणावर होता. अशा बटणाच्या पिना तपकिरी पडलेल्या असतात, कधी मागचं प्लास्टिक वितळलेलं असतं.

आता तुमचा खरा प्रश्न, काढायचं का. टोकाला काही नाही हे सिद्ध झालं असेल तर हो, काढा. पण बटणाच्या बाजूने सुरुवात करू नका. बहुतेक जण बटण खेचून काढतात, पिना टेपने गुंडाळतात आणि डॅशबोर्डमागे सारतात. त्याने तुमच्या डोळ्यासमोरचं बटण गेलं, बॅटरीपासून आलेली जिवंत वायर तशीच राहिली, फक्त आता ती कुणाला माहीतही नाही. पत्र्याच्या ज्या भोकातून ती केबिनमध्ये येते तिथे रबर ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायची रबरी कडी, नसेल तर प्रत्येक खड्ड्याला ती थोडी थोडी सोलली जाते, आणि घोडबंदरचे खड्डे तुम्हाला मी काय सांगणार. त्यामुळे वायर धरून उगमापर्यंत जायचं, बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा फ्यूजबॉक्समध्ये जिथून ती घेतली आहे तिथून सोडायची आणि मग पूर्ण ओढून काढायची. मधे कंपनीची वायर सोलून जोड मारलेला निघाला तर तो सोल्डर करून हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवायची, नुसती टेप नको. एखादा तुकडा निघतच नसेल तर त्याची दोन्ही टोकं बंद करायची, एक नव्हे.

आणि टोकाला काहीतरी कामाचं निघालं, समजा चांगले फॉग लॅम्प, तर काढायची गरज नाही. बॅटरीजवळ, हातभर अंतराच्या आत पंधरा अँपिअरचा फ्यूज, चार पिनांचा रिले, आणि बटणाची लाइन पार्किंग लाइटवरून, म्हणजे दिवे बंद केले की तेही बंद. अर्ध्या-पाऊण दिवसाचं काम आहे. ते झालं की इन्शुरन्सच्या पुढच्या रिन्यूअलला बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिकल वस्तू म्हणून नोंदही करून घ्या. वायरिंगमुळे काही जळलं तर सर्व्हेअर पहिल्यांदा बाहेरचे जोडच शोधतो.

हे काम माझ्याकडेच आणा असं नाही, कोपरीला, तुर्भ्याला, कुठेही चांगले वायरमन आहेत. फक्त गाडी देताना "बटण काढा" असं सांगू नका. "लाइन कुठून घेतलीय ते दाखवा आणि तिथून सोडवा" असं सांगा, आणि काढलेली वायर हातात मागून घ्या. दोन फुटांचा तुकडा हातात ठेवला तर समजा की बाकीची अजून गाडीतच आहे. वायर काढताना आतलं तांबं हिरवट-काळं दिसलं, आणि तेही बाहेरच्या टोकाला नाही तर केबिनमध्ये कार्पेटच्या पातळीला, तर तेवढ्यावर थांबू नका, सीटच्या रेल आणि बेल्टचं खालचं टोक तपासून घ्या. तिथेही गंज आणि चिखल असेल तर ही गाडी कधीतरी पाण्यात उभी होती, आणि मग बटणाचा प्रश्न तुमच्या यादीत बराच खाली जातो.

तोवर मला तीन गोष्टी कळवा: बटणामागे पिना किती, बोनेटमध्ये बॅटरीच्या पॉझिटिव्हवर कंपनीच्या जाड केबलखेरीज आणखी एखादी वायर आवळलेली आहे का, आणि पुढचा बंपर मूळचा आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल आणि त्या वायरीवर फ्यूज दिसत नसेल, तर गॅरेजला जायची वाट बघू नका. दहाचा पाना घेऊन, आधी निगेटिव्ह सोडून, ती वायर आजच टर्मिनलवरून काढा, टोक टेपने गुंडाळा, मग निगेटिव्ह परत लावा. गाडी चालू होते का आणि बटणातला दिवा विझला का, ते बघून लिहा.